भीमाच्या हातानं सुरू न होणारी गाडी

“माझ्या हातानं पहिल्या झटक्यात सुरू होते. ह्याच्या हातानं न्हाय. आता तुम्हीच सांगा मिस्त्री, दोष गाडीत हाय का माणसात?”

चिकोडीच्या एका वकीलसाहेबांनी मला त्यांच्या अंगणातच हा सवाल टाकला. बाजूला त्यांचा ड्रायव्हर भीमा मान खाली घालून उभा. आदल्या दिवशी गाडी सुरू झाली नाही आणि साहेबांची बेळगाव कोर्टातली तारीख हुकली. महिन्यातली दुसरी. भीमाला लांबची ट्रिप नको असते, म्हणून तो मुद्दाम करतो, असा साहेबांचा निकाल कधीच लागलेला. आज गाडीत काही सापडलं नाही तर भीमाची सात वर्षांची नोकरी गेली.

इतकी वर्षं निपाणीत गॅरेज चालवतोय, पण माणूस बघून रुसणारी गाडी मी बघितली नव्हती. खरं सांगतो, मला मजाच वाटायला लागली.

साहेबांनी खिशातून चावी काढून फिरवली. सुरू. मग भीमानं आपल्या जुडग्यातली चावी लावली. गर्र, गर्र, गर्र. स्टार्टर इंजिन फिरवतोय, पण इंजिन काही पेट घेत नाही.

“बघितलंत?” साहेब म्हणाले.

“भीमा, उतर रं.” मी आत बसलो आणि त्याचीच चावी फिरवली. गर्र, गर्र. “आता मीपण नाटक करतोय का, साहेब?”



मग कामाला लागलो. पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल आणि ठिणगी. एअर फिल्टर साफ होता. ठिणगी कडक. टाकीतल्या पंपाचा बारीक आवाजही आला. पण इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारतो तो, एकदम चिडीचूप. पेट्रोल दारापर्यंत येतंय आणि गाडीचा कॉम्प्युटर दार उघडत नाही. का बरं? डॅशबोर्डवर बघतो तर चावीचं बारकं चित्र लुकलुकतंय.

याला म्हणतात इमोबिलायझर. चोरी होऊ नये म्हणून असतो. चावीच्या डोक्यात एक चिप असते, ती गाडीला बिनतारी खूण सांगते. गाडीनं ती ओळखली नाही तर स्टार्टर खुशाल फिरतो, पण पेट्रोल मिळत नाही.

म्हणजे भीमाच्या चावीची चिप मेली असणार. नीट बघावी म्हणून मी ती जुडग्यातून सोडवली आणि सहज लावून बघितली. झटक्यात सुरू! भीमा दचकला. मी त्याच्याहून जास्त. चावी परत जुडग्यात अडकवली. गर्र, गर्र.

जुडग्यात आणखी एक जाड डोक्याची चावी होती. “ही कशाची रं?”

“वहिनीसाहेबांच्या गाडीची, मिस्त्री.”

आयला! तिच्यातही चिप होती. एका वेळी दोघी बोलायच्या आणि गाडीला एकीचंही धड कळायचं नाही. दोन चाव्या जरा लांब लोंबकळल्या तर सुरू व्हायची, न्हायतर न्हाय. साहेबांची चावी त्यांच्या खिशात सुटी. तिला कसली अडचण?

“या दोन्ही एका रिंगेत कुणी घातल्या?”

भीमानं साहेबांकडं बघितलं. शेवटी साहेबच पुटपुटले, “मीच. गेल्या महिन्यात यानं एक चावी हरवली, म्हणून पक्की स्टीलची रिंग आणली.”

मला रागच आला. “साहेब, कोर्टात पुराव्याशिवाय कुणाला दोषी धरता काय? त्याची चावी एकदा स्वतः लावून बघायची की!”

साहेबांनी ते ऐकलं न ऐकलं केलं. “भीमा, उद्या आठला ये. बेळगावला जायचंय.”

“येतो की. पण साहेब, काल गल्लीसमोर मला खोटारडा म्हणालासा. तेवढं मागं घ्या.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग फाटकापाशी गेले आणि समोरच्या कट्ट्यावर बसलेल्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले, “भीमा खोटं बोलला नव्हता. चूक माझी होती.”

भीमानं गाडी पुसायला फडकं घेतलं आणि तोंड तिकडं फिरवलं.

तेव्हापासून स्टार्टर फिरतो पण गाडी सुरू होत नाही असा फोन आला, की मी बॉनेट उघडायच्या आधी चावी मागतो. आणि गाडी रोज चालवणाऱ्याचं आधी ऐकतो. मालकाचं नंतर.