हेळव्याच्या चोपडीतलं आमचं पान

हेळवी पहिल्यांदा पुण्याच्या घरी आला तवा मी होते, माझे मालक होते, सासूबाई होत्या आन आमचा एकुलता लेक दत्तू होता. त्यातली आता मी एकटीच हाय, म्हणून सांगते. शेजारची सोनाली लिहून घेतेय.

हेळवी म्हंजे घराण्यांची वंशावळ सांभाळणारा माणूस. गावाकडं सुगी झाली की बैलावर बसून यायचा, चोपडीतनं पूर्वजांची नावं वाचायचा, धान्य घेऊन जायचा. आम्ही मार्केट यार्डात हमालीला आलो, तर एष्टीनं इथंबी हुडकत आला. घर कुठलं म्हणून कधी विचारायचा न्हाई. गल्लीच्या तोंडाशी उभा राहून मोठ्यानं म्हणायचा, "वाघदरे, देवक कळंबाचं." चहात साखर कमी पडली तर तेबी तेवढ्याच मोठ्यानं.

आमच्या आडनावाचं सगळं त्याच्या तोंडपाठ. मूळ गाव वाघदरा. विहिरी आटल्या, तिघं भाऊ उठले. एक भीमेकाठी राहिला, त्याचे आम्ही. एक विजापुराकडं गेला, एक खानदेशात. "तिकडचे वाघदरे कानडी बोलतात, माई. पण लग्नात कळंबाचीच फांदी पुजतात." सासूबाई म्हणायच्या, "एवढी भावकी बुवा, एक तरी आमच्या लग्नकार्याला आला का?" तो म्हणायचा, "बोलवलं व्हतं का तुम्ही?"

दत्तू तेविसाव्या वर्षी घर सोडून गेला. हमाली करणार न्हाई म्हणाला, मालकांनी त्याच्या म्होरलं ताट उचललं. तो उठला तो उठलाच. पुढच्या सुगीला मी हेळव्याला म्हणलं, "वाघदऱ्यांच्या घरोघर तुम्ही जाता. भुकेला माणूस आपल्या आडनावाच्याच दारात जाईल." त्यानं मान हलवून चोपडी बांधली. त्यानंतर दर साली दारात आला की चहाच्या आधी खाली बघून म्हणायचा, "न्हाई, माई." मी चहा टाकायची. साखर जास्त घालायची.

एका साली "हाय" म्हणाला. विजापुराकडं वीटभट्टीवर एक दत्तू वाघदरे, पुण्याकडनं आलेला. मालक त्याच्यासंगं गेले. चौथ्या दिवशी आले, टोपी खुंटीला लावली, म्हणाले, "चांगला पोरगा हाय. पाया पडला, जेवू घातलं. आपला न्हाई." मग मालकांनी दत्तूचं नाव तोंडातनं काढलं न्हाई. मरतानाबी न्हाई.

वंश संपला की नावाखाली रेघ ओढायची, ही हेळव्यांची रीत. मालकांच्या तेराव्याला भावकी म्हणाली, "बुवा, ओढा आता रेघ." हेळवी म्हणाला, "मेल्याचं कळल्याबिगर ओढत न्हाई. आला न्हाई म्हणून रेघ ओढाय लागलो तर निम्मी चोपडी बंद हुईल."

मग तोच यायचा थांबला. दोन सुग्या गेल्यावर त्याच्या लेकाचा फोन आला. बुवा गेले. लेक कारखान्यात जातो. चोपडी मोडी लिपीत व्हती, त्याला वाचता येत न्हाई. पेटीत ठेवली ती वाळवीनं खाल्ली.

सोनालीनं मोबाईलवर नकाशा दाखवला, वाघदरे कुठं कुठं हायत त्याचा. लाल ठिपके. मी विचारलं, "ह्यात कुणाच्या घरी कोण जेवतंय ते दिसतं का?" ती म्हणाली, "नाही हो आजी."

वाचणाऱ्यानं एवढं करावं. तुमच्या गावात वाघदरे असतील तर विचारून बघा. दत्तू नाव, उजव्या भुवईवर खोक, आता पन्नाशीचा असंल. असला तर सांगा, आई त्याच घरात राहते. मेला असंल तर तेबी कळवा.