माझी बोली मीच वाढवली

माझा लिलाव चालू होता आणि बोली मीच वाढवली. एवढा मूर्ख नाशिकच्या भाजीबाजारात दुसरा सापडायचा नाही.

मी एका शेठच्या आडतीवर लिलाव पुकारतो. दोन महिन्यांपूर्वी टोमॅटोच्या क्रेटच्या थप्पीवर चढून पुकारत होतो, तिथून पडलो. चढायची काही गरज नव्हती. सगळ्यांनी आपल्याकडे बघावं, एवढीच हौस. मेंदूला मार बसला. डॉक्टर म्हणाले, मेंदू सावरेपर्यंत झोपेचा ताळमेळ राहणार नाही. नाहीच राहिला. रात्री टक्क जागा, दुपारी उभ्या उभ्या मान पडायची. दुपारी तासभर झोपू द्या, अशी चिठ्ठी त्यांनी दिली. शेठनं ती न वाचताच गल्ल्याखाली सारली.

त्या दुपारी कोबीच्या गोण्यांवर डोळा लागला. जाग आली ती शेठच्या आवाजानं. चपलेच्या टोकानं माझं डोकं हलवत तो पुकारत होता, "बोला, गड्डा बोला! वरून ताजा, आतून सडका!"

"एक रुपया!"

"दोन!"

मी अर्धवट झोपेत. हात आपोआप वर गेला. "तीन! तीनच्या वर कोण?"

सगळे खदखदले. आणि मीही हसलो. लाळ पुसत, दात काढून. शेठची चप्पल अजून कानाला लागलेली. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

त्यात ही थट्टा मूळची माझीच. लंगड्या हमालाची बोली मी लावलेली. बाजार झाडणाऱ्या ठकूमावशीच्या कुबडाचीसुद्धा. शेठ खूश व्हायचा. मावशी तेव्हा हसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाहेरगावचे व्यापारी आले. शेठ म्हणाला, "ए गड्ड्या, झोप जरा. कालची गंमत दाखवू यांना."

मी गल्ल्याखालची चिठ्ठी ओढली. लिलावाच्या आवाजात वाचली, पार सहीपर्यंत. मग म्हणालो, "शेठ, मेंदूला मार लागलाय. दुपारी तासभर मी झोपणार. इथंच. पाय लावायचा नाही. आणि माणसाची बोली मी पुन्हा पुकारणार नाही. ठेवायचं तर ठेवा, नाहीतर आत्ताच काढा."

कुणी हसलं नाही. शेठ फोन कानाला लावून बाहेर गेला. मी गोण्यांवर आडवा झालो. ठकूमावशी झाडू घेऊन समोर उभी. वाटलं, शाबासकी देईल.

"एवढं कळायला डोकं फुटावं लागलं व्हय रे तुला?" ती म्हणाली. "पाय वर घे. झाडायचंय."