विहिरीवरचा मामा

साताऱ्याहून निघण्याआधी कॉलऱ्याची सुई टोचून घेतली आणि दाखला नीट घडी करून ठेवला, तो नेमका घरच्या टेबलावर! वसई रोडला उतरले तर फाटकातच आरोग्य खात्याचं टेबल.

"अहो, टोचलंय! हा दंड बघा, भोपळा झालाय."

"दंड चालत नाही बाई, कागद लागतो."

चार दिवसांत दुसऱ्यांदा टोचलं मेल्यांनी. सरकारचा उद्धार करत टांग्यात बसले.

टांगा सांडोर गावाच्या वाटेला लागला तसा राग जरा निवला. दुतर्फा केळी, पानवेली, मधूनच बावखल (पावसाचं पाणी साठवायचं बागेतलं तळं). बाजार मात्र ओस. मासळी विकायला बंदी, चिरलेली फळं विकायला बंदी. टांगेवाला म्हणाला, "कॉलरा कुनाला झालेला पाहिला नाय, बाई. बंदी मात्र सगल्यांना झाली."

मी आले होते फिलोमेनाच्या रोझीच्या लग्नाला. फिलो आणि मी एकाच अध्यापक विद्यालयात शिकलो. दारात मांडव होता आणि फिलो पदरानं डोळे पुसत होती. उद्या चर्चमध्ये लग्न. आदल्या संध्याकाळी वाजतगाजत विहिरीवर जायचं, मामानं पाणी काढायचं, त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालायचं, ही या घरची रीत. विहिरीला तर काटेरी तार आणि 'उपसा बंद'ची पाटी. पाण्याचा नमुना तपासणीला जाऊन तीन आठवडे झाले, उत्तर नाही. मामा कोळीवाड्यात, तिथून बाहेर पडायला बंदी.

फिलोच्या सासूबाई हटून बसल्या होत्या. "ते पानी अंगावर पडल्याशिवाय पोरगी मांडवाबाहेर जानार नाय. लगीन मोडलं तरी चालेल."

आतून रोझीचे हुंदके ऐकू येत होते. माझं टाळकं फिरलं. तरातरा विहिरीवर गेले. खाकीतला आरोग्य सेवक स्टुलावर बसून भाकरी खात होता. त्याला उभ्या उभ्या झापलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"बाई, माझ्या सख्ख्या भाचीचं लग्न गेल्या रविवारी अमरावतीला झालं," तो म्हणाला. "साथ आहे म्हणून रजा रद्द. तिचा मामा इथं तारेची राखण करत होता."

तोवर सासूबाई काठी टेकत मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "मग तू मामाच की रे! चल, ऊठ."

त्यानं पाटीकडे पाहिलं, हात धुतले. "गावानं उपसायचं नाही असा हुकूम आहे. खात्यानं नमुना घ्यायला हरकत नाही. रीत किती कळशांची?"

"सातांची."

"मग सात नमुने. पण कुणी थेंबही प्यायचा नाही."

हुश्श! फिलोनं मला मिठी मारली ती नेमकी सुजलेल्या दंडावर. मी बोंबलले आणि बायका खदखदून हसल्या. बँड वाजू लागला. विदर्भातला गडी, रहाट चालवायची सवय नाही. पहिली कळशी अर्धी स्वतःच्याच अंगावर ओतली. "ए मामा, नवरी तू नाय!" सासूबाई ओरडल्या. रात्री त्याला मानाच्या पाटावर बसवून सुकेळी (उन्हात वाळवलेली राजेळी केळी) वाढली. विहिरीत टाकलेल्या ब्लीचिंग पावडरीच्या वासाचं ते पाणी, पण न्हाऊन आलेल्या रोझीचा चेहरा काय खुलला होता!

दुसऱ्या दिवशी सासरी निघताना ती त्याच्या गळ्यात पडली. तो लहान मुलासारखा रडला, आणि मीही.

परतीच्या गाडीत सरकारला खरमरीत पत्र लिहायला घेतलं. रजा रद्द करणाऱ्यांवर, तीन आठवडे उत्तर न देणाऱ्यांवर दोन पानं भरली. मग संबंधित कर्मचाऱ्याचं नाव लिहायची वेळ आली. त्या अख्ख्या खात्यात मला एकाचंच नाव ठाऊक होतं. चौकशी बसली असती ती त्याच्याच सात कळशांवर.

रोझीच्या मामाची नोकरी घालवू? पत्र फाडून टाकलं.