साठवलेला माल

"ताजं कोणपण विकतंय, गो! साठवलेलं विकायला अक्कल लागते." आमच्या शेठचं हे वाक्य रोज ऐकायचंच.

किहीमला त्यांचं सुक्या मासळीचं दुकान. पुड्या बांधायला रद्दी आणायचे आणि बांधता बांधता तीच वाचत बसायचे. गिऱ्हाईक तिष्ठत उभं! बातमी आवडली की बांधलेली पुडी सोडायचे आणि बोंबील दुसऱ्या कागदात. अशी खोलीभर जुनी वर्तमानपत्रं साठली. ती स्कॅन करून इंटरनेटवर ठेवायला त्यांनी मला कामाला घेतलं. कागदांना वास असा, की घरी जाताना गल्लीतली मांजरं माझ्या मागे.

वर्गणी भरेल त्यालाच वाचायला मिळणार. गाव हसलं, "रद्दी विकतो, तीपण हातात न देता!" पहिलं वर्ष आम्ही माशा मारल्या. मग जमिनीच्या भांडणातल्या एका वकिलाला आमच्याकडच्या एका अंकात जुनी नोटीस असल्याचा सुगावा लागला. ती वाचायला त्याने वर्गणी भरली. धास्तीने समोरच्या वकिलानेही भरली. शेठ म्हणाले, "भांडणं हायत तवर आपल्याला मरण न्हाय." पुढे प्राध्यापक आले, विद्यापीठं आली.

पासवर्ड शेठ स्वतः ठरवायचे, ज्याची त्याची ऐपत बघून. विद्यापीठाला सुरमई, वकिलांना पापलेट, विद्यार्थ्यांना मांदेली. नागपूरच्या एक शाकाहारी बाई फोनवर कडाडल्या, तर म्हणाले, "बाईंना शेवगा दे." बाई खूश. अख्खा विभाग घेऊन आल्या.

मुख्य पासवर्ड मात्र मलाही नाही. "दुकानाची चावी मालकाच्या कडोसरीला," म्हणायचे.

आणि मालकच गेले, झोपेत, चावी सोबत घेऊन. सर्व्हरची मुदत संपत आली होती. आत शिरून ती वाढवली नाही, तर शेठनी जमवलेलं सगळं पुसलं जाणार होतं. मी सुरमई, पापलेट, रावस, हलवा, सगळा बाजार घालून पाहिला. एक चालेल तर शपथ! रडकुंडीला आले.

काकी, म्हणजे शेठच्या बायको, ओटीवर सुका जवळा निवडत होत्या. "सुरमई कसली घालतेस? जन्मात कधी आवडीनं खाल्ली न्हाय त्यांनी. सुकट घाल, हीच. रोज ताटात लागायची त्यांना."

सुकट घातली आणि उघडलं. आम्ही दोघी खो खो हसलो आणि मग पोटभर रडलो. काकी म्हणाल्या, "हा बदलू नको हां."

नाही बदलला. पण बघा, बोलायच्या नादात तुम्हाला सांगून बसले. आता बदलावाच लागणार, आणि हात होत नाही.