जानकीकाकू जळाव्यात म्हणून

तमाम चाळकऱ्यांस, सुटलेल्या आणि राहिलेल्या, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आम्ही परळची खोली जागा पुरत नव्हती म्हणून सोडली नाही. शेजारच्या जानकीकाकू जळाव्यात म्हणून सोडली.

टेम्पो निघाला तेव्हा काकू पदर तोंडात धरून रडत होत्या आणि आई ड्रायव्हरशेजारी महाराणीसारखी बसली होती. "आता दार लावून जेवायचं," ती म्हणाली. चाळीत दार लावलं की समजायचं, आत भांडण तरी आहे नाहीतर मटण. मुलुंडच्या नव्या फ्लॅटचं लावलेलं दार म्हणजे प्रतिष्ठा. बाबांची सगळी पुंजी त्या दारात गेली.

पण आपण दार लावलं की समोरचंही लागलेलंच असतं. आई दुपारभर नव्या सोफ्याचं प्लॅस्टिक पुसायची. बघायला कुत्रं नव्हतं.

पैसा कशावर जातो ते सोडा, कुणासाठी जातो ते बघा. काकू गणपतीत अख्खा मजला जेवू घालायच्या. त्यांना पंगत हवी होती. मुलुंडला आमच्या वरच्या डॉक्टरीणबाईंनी शांतता विकत घेतली होती. आम्ही मधले. आम्हाला जळणारे डोळे हवे होते, आणि नेमके तेच आम्ही परळला टाकून आलो होतो!

म्हणून संक्रांतीला आईनं हळदीकुंकू ठेवलं. डॉक्टरीणबाई विटक्या हातमागाच्या साडीत आल्या, उभ्याउभ्या तिळगूळ घेऊन गेल्या. "बिचारीकडे धड साडी नाही," आई खुशीत कुजबुजली. मग काकू आणि चाळीतल्या बायका आल्या आणि खुशाल सोफ्याला पाठ टेकून जमिनीवर बसल्या. आई "वर बसा ना गं" म्हणून थकली.

मग ती सुटलीच. बेसिन, फ्लश, गॅलरी, पडदे, प्रत्येकाची किंमत, दुकानदाराशी झालेली घासाघीस. काकूंच्या तोंडून फक्त एक सुस्कारा यायला हवा होता. दारात उभा राहून मी मजेत लाडू खात होतो.

आज माझं घर अंधेरीत आहे. बेल वाजली की पाय न वाजवता मी दाराच्या भिंगातून बघतो आणि बहुतेकदा उघडत नाही. मला त्यालाच घर म्हणायची सवय झालीय. आईला ती कधी झाली नाही.

त्या दुपारी ती पंख्याच्या किमतीपर्यंत आली, तेव्हा काकूंनी तिचा हात धरला आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या,

"अगो सुमन, किती बोलतंस! हय तुझ्याशी कोणच बोलणा नाय काय गो?"