कागदावर संपलेले मास्क

सकाळच्या पाळीची हजेरी घेत होतो तेव्हा गयाबाईच्या मुलीचा, मंगलचा फोन आला. "मामा, आई गेली…" एवढंच ती बोलली. फोन ठेवला आणि मी मस्टरवरचं पुढचं नाव वाचलं, त्याच्यापुढे हजेरी मांडली, आणखी दोन नावं घेतली. मग मात्र मस्टर मिटून ठेवलं. फाटकाशी उभ्या असलेल्या बायकांना न सांगताच कळलं. गयाबाईला जाऊन आता दीड महिना झाला, पण ती तीन नावं मी कशी वाचली याचा मला अजून राग येतो.

सेलूच्या एका जिनिंगमध्ये मी कारकून आहे. गयाबाई तिथं मशीनवर कापूस टाकायची. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला आक्का म्हणायचो, ती मला भाऊ. मशीन चालू असताना आत रुईची इतकी बारीक धूळ उडते की दुपारपर्यंत बायकांच्या भुवया पांढऱ्या होतात. आक्का त्यावरही हसायची. "भाऊ, आमाला म्हातारपण रोज येतं अन् सांजच्याला धुवून जातं."

काही वर्षांपूर्वी कामगारांच्या सुरक्षेसाठी आणि आरोग्यासाठी सरकारी अनुदानातून एक कार्यक्रम आमच्याकडे आला. मशीनच्या पट्ट्यांना जाळ्या बसल्या. एका कामगाराला प्रशिक्षणासाठी तीन दिवस परभणीला पाठवायचं होतं. मालकांनी आक्काचं नाव दिलं, कारण ती फार बोलते आणि तेवढे तीन दिवस तरी शांतता मिळेल. ती परत आली तशी दुप्पट बोलायला लागली. पट्ट्यात अडकू नये म्हणून रोज फाटकाशी उभी राहून एकेकीचा पदर खोचलाय का ते बघायची. नवी लग्न होऊन आलेली एक पोरगी लाजत होती, तिला म्हणाली, "सासूसमोर सोड की पदर, पट्ट्यासमोर न्हाई!" आणि स्वतःच्या हातानं तिचा पदर कमरेला खोचून दिला. तिथून तिनं आणखी एक गोष्ट आणली होती. सुट्टीनंतर कामावर आलं की पहिल्या दिवशी तिची छाती आवळायची. "मला वाटायचं आळस हाय. डॉक्टरीणबाई म्हनल्या, आळस न्हाई, ती रुई हाय. नाकाला मास्क लावल्याबिगर आत जायचंच न्हाई."

मास्क आले होते. चांगले जाड, धुता येणारे, खोकी भरून. ते मी कपाटात ठेवले आणि कुलूप लावलं. तपासणीला साहेब येतील तेव्हा नवेकोरे दिसले पाहिजेत, असा माझा विचार. आपल्याकडे चांगल्या वस्तूचं असंच होतं. पाहुण्यांच्या कपबशा पाहुण्यांसाठी, आणि घरातली माणसं कान तुटलेल्या कपातून चहा पिणार. साहेब आले, बायकांनी मास्क लावले, फोटो निघाले… आणि साहेबांची गाडी फाटकाबाहेर गेली तसे मी ते गोळा करून पुन्हा खोक्यात भरले. आक्का जुन्या लुगड्याची चौपदरी घडी शिवून नाकाला बांधायची, तीच बांधत राहिली.

मग अनुदान वापरल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र पाठवायची वेळ आली. 'सर्व साहित्य कामगारांनी वापरले. शिल्लक निरंक.' म्हणजे काहीच उरलं नाही. खाली कामगार प्रतिनिधी म्हणून आक्काची सही हवी होती. आक्का आधी अंगठा द्यायची, पण परभणीला जायच्या आधी मंगलनं तिला सही शिकवली होती. तिला कोण कौतुक त्याचं! मी कागद पुढे केला आणि वाचूनही दाखवला. ती पेन धरून थांबली.

"भाऊ, मास्क तर कपाटात हायेत. मंग वापरले म्हणून सही कशी करू?"

"आक्का, हा कागद गेल्याशिवाय पुढचं अनुदान येत नाही. ते आलं की हे वाटून टाकू."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि सही केली. माझ्यावर विश्वास होता म्हणून केली, हे मला तेव्हाही कळत होतं.

पुढचं अनुदान आलं नाही. कार्यक्रम बंद झाला. आणि कागदावर संपलेले मास्क कपाटातून काढायचे कसे, या भीतीनं मी कुलूप उघडलं नाही. कुणी विचारलं तर, मालक ओरडले तर… आम्हा कारकुनांना माणसापेक्षा कागदाची भीती जास्त. आक्कानं दोन-तीनदा आठवण केली, मग सोडून दिली. पुढच्या हंगामात तिला जिना चढवेना. त्याच्या पुढच्या हंगामात ती आलीच नाही.

शेवटचं भेटलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, पाठीमागे दोन गोधड्या. आडवं झालं की दम लागायचा. एकेक शब्द घेत बोलली, "भाऊ… त्या मास्कवर माजी सही हाय. नव्या पोरींना द्या. खोटी ठिवू नका मला." मी 'हो आक्का' म्हणालो. घरी आलो. आणि ती जाईपर्यंतचे पंधरा दिवस मी रोज त्या कपाटासमोर बसून काम केलं.

मास्कनं ती वाचली असती का, हे डॉक्टरांना विचारायची माझी हिंमत नाही.

तिच्या दहाव्याहून आलो आणि कपाट उघडलं. मास्कचं इलॅस्टिक पार गेलं होतं. ताणलं की तसंच लोंबत राहायचं. मी ते हातात घेऊन रडत उभा राहिलो, कुणी बघतंय याची लाज वाटली नाही. बायकांनी माझ्या हातातून ते काढून घेतले. त्यातल्या एकीनं मंगलकडून आक्काचं जुनं लुगडं आणलं. त्याच्या नाड्या फाडून दुपारच्या सुट्टीत बसून त्यांनी मास्कला शिवल्या. फाटकावर पदर बघायचं काम आता तीच करते, लग्न होऊन आली तेव्हा लाजणारी ती पोरगी.

सगळ्यांना वाटून एक मास्क उरला. तो परत ठेवायला मी कपाट उघडलं, पण ठेववेना. आता मस्टर घेऊन आत जाताना मी तो लावतो. मागची गाठ मला नीट येत नाही, कुणीतरी बाई बांधून देते. कपाटात आता फक्त फाइल आहे, आणि तिच्यात त्या कागदाची नक्कल. खाली वेडंवाकडं, ओळ सोडून वर गेलेलं 'गयाबाई'. शिल्लक निरंक. कागद आता खरा झाला… सही करणारी तेवढी राहिली नाही.