लॉर्डसाहेबांचे जाहीर आभार

लीड्स मागे पडलं आणि बसच्या डाव्या हाताला एक दगडी भिंत सुरू झाली. सुरू झाली ती संपेना. मेंढ्या आल्या, गेल्या. एक पब येऊन गेला. भिंत आपली बसच्या बरोबरीने चाललीच आहे. मी मावशीला विचारलं, "आत काय आहे? तुरुंग?"

"घर आहे गं एकाचं."

एकाचं! एका माणसाचं घर आणि त्याला तालुक्याएवढं कुंपण.

मी कशी गेले ते सांगते. आपल्या धरणग्रस्तांच्या कामाबद्दल बोलायला लंडनच्या एका संमेलनाचं बोलावणं होतं. ते उरकून मी सुधामावशीकडे राहायला गेले. ही माझ्या आईची धाकटी बहीण, लीड्सच्या इस्पितळात भूल देणारी डॉक्टर. माधवकाका गेल्यापासून घरात एकटीच. निघताना आईने बजावलं होतं, "तिला सोबत दे, भाषणं ठोकू नकोस." सोबत दिली. भाषण मला कुणी ठोकूच दिलं नाही.

तर एल्डरबेक हॉल. तिकीट काढून आत जायचं. घर दाखवायला मार्गारेट नावाच्या आजीबाई होत्या, निळं कार्डिगन, गळ्यात मोती. पगार नाही, हौसेने येतात. लॉर्ड एल्डरबेकांच्या घराण्याचा इतिहास त्यांनी असा सांगितला, जणू स्वतःच्या माहेरचाच सांगताहेत. पहिल्या लॉर्डने एका लढाईत ऐन वेळी बाजू बदलली म्हणून राजाने ही जमीन दिली. म्हणजे फितुरीचं इनाम. ते आपल्यालाही नवं नाही, पण आपण त्याला तिकीट लावत नाही. दुसऱ्याने घर बांधलं. तिसरा एका सकाळी दिवाणखान्याच्या खिडकीत उभा राहिला, त्याला समोरच्या गावाची धुराडी दिसली, वाळत घातलेले कपडे दिसले, आणि त्याचं मन उदास झालं.

"मग?" मी विचारलं.

"मग त्याने देखावा सुधारला," मार्गारेटबाई म्हणाल्या. "ओढा अडवला. ते सुंदर तळं दिसतंय ना, ते त्याने केलं."

"आणि गाव?"

"गाव तिथेच होतं, डिअर. तळ्याच्या जागी."

"माणसं?"

"हलवली त्यांना. नवी घरं जास्त चांगली होती म्हणतात."

हेच वाक्य मी आपल्याकडच्या साहेबांच्या तोंडून मराठीत किती वेळा ऐकलंय! आपल्याकडे निदान वीज आणि पाटाचं पाणी तोंडावर फेकतात. इथे गाव बुडवलं ते खिडकीतून बरं दिसावं म्हणून. मी विचारलं, त्या माणसांची नावं काय होती? बाईंनी खरोखर आठवून पाहिलं. "ते काही कुणाला ठाऊक नाही." खोट्या नव्हत्या त्या. ठाऊकच नव्हतं. मागच्या बागेत मात्र लॉर्डांच्या कुत्र्यांची थडगी आहेत. फ्लॉस, ड्यूक, जुनो. प्रत्येकावर नाव, वय आणि दोन ओळींची कविता.

या लोकांची वारशाची रीत अशी: थोरल्याला सगळं, धाकट्यांना काही नाही. त्यामुळे धाकट्यांपैकी एक पाद्री व्हायचा, एक फौजेत जायचा आणि उरलेल्याला आपल्याकडे धाडायचे. जिन्यावर असाच एक धाकटा टांगलेला आहे. गुलाबी गाल, डोळ्यांत झोप. हा दख्खनमध्ये जमीनमोजणीवर होता. त्याच्या तसबिरीखाली काचेत चांदीचं पानदान आणि खाली पाटी: 'कृतज्ञ रयतेकडून भेट'. कृतज्ञ! हा शेताची मोजणी करून सारा वाढवणार आणि रयत याला विडा देणार! मी एवढ्या मोठ्याने हसले की मावशीने माझा दंड चिमटीत धरला. याच घराण्यातली एक मुलगी घोड्यांच्या डॉक्टरबरोबर पळून गेली होती. तिचं चित्र शौचालयाच्या बोळात लावलंय. सगळ्या घराण्यात मला तेवढी एकच आवडली.

चहाघरात स्कोन (गोडसर जाड पाव) आणि जाम मिळत होता. मावशीने डबा आणलेला. दशम्या आणि लसणाची चटणी. "इथे नको, आपण पुलावर जाऊन खाऊ," ती म्हणाली. मग मला कळलं, तिने मला घर दाखवायला आणलंच नव्हतं.

तळ्याच्या कडेने एक पायवाट जाते. बुडालेल्या गावाचं तेवढं चर्च शिल्लक आहे, तिथवर. वाटेत लाकडी पूल. खाली बेक (ओढा), तळ्यातून सुटून भिंतीकडे धावणारा. माधवकाकांची रक्षा मावशीने या पुलावरून सोडली. भारतात न्यायची म्हणून आईने किती फोन केले होते. मावशी म्हणाली होती, त्यांना हीच जागा आवडायची. आम्ही कठड्याला टेकून दशम्या खाल्ल्या. मावशीने एक तुकडा ओढ्यात टाकला.

वाटेच्या तोंडाशी लोखंडी फाटक आहे, त्यावर नवी पाटी होती. ही वाट परमिसिव्ह (मालकाच्या मर्जीची) आहे आणि येत्या वसंतापासून बंद. आत गोल्फचं मैदान होणार आहे.

मावशीची शेजारीण जीन ही निवृत्त हेडमिस्ट्रेस, तोंडाने फटकळ, दर रविवारी चालणाऱ्यांच्या गटाची पुढारीण. तिने मला कायदा सांगितला. लोक एखाद्या वाटेने सलग वीस वर्षं उघडपणे, कुणाला न विचारता चालले, तर ती वाट लोकांची होते. मग लॉर्ड असो नाहीतर लॉर्डचा बाप, ती बंद करता येत नाही. म्हणून हे जमीनदार काय करतात? वर्षातून एक दिवस फाटकाला कुलूप लावतात. एकच दिवस. म्हणजे 'सलग' तुटलं आणि उरलेलं सगळं वर्ष त्यांची मेहेरबानी ठरलं.

"एल्डरबेकवाले म्हणतात, दर ख्रिसमसला कुलूप असतं," जीन म्हणाली. "आता ख्रिसमसला कोण शहाणा बाहेर पडतो बघायला? आम्ही सगळे घरात टर्की खात बसलेले."

"आम्ही पडतो," मावशी म्हणाली.

इथेच सगळी गंमत आहे. त्या दिवशी या देशात दुकान नाही, बस नाही, ट्रेन नाही. आपल्या मराठी डॉक्टर मंडळींनी करायचं काय? फार वर्षांपूर्वी माधवकाकांनी गाड्या काढल्या, डबे घेतले आणि सगळ्यांना एल्डरबेकला नेलं. मग दर ख्रिसमसला तेच. फाटक कधी बंद नव्हतं. ज्याने कुलूप लावायचं तोही टर्कीच खात असणार! लॉर्डसाहेबांचं खोटं उघडं पाडू शकणारी माणसं सबंध यॉर्कशायरमध्ये एवढीच, आपली. जीनने मावशीचा मुका घेतला.

वाट लोकांची ठरवा, असा जीनच्या गटाचा अर्ज होता; त्यावर कौन्सिलच्या अधिकाऱ्यासमोर शनिवारी सकाळी गावच्या हॉलमध्ये सुनावणी होती. आम्हाला करंदीकरकाकांनी गाडीतून नेलं. हे हाडांचे सर्जन आणि मराठी मंडळाचे सेक्रेटरी, बहुधा कायमचे. गाडीत त्यांचं एकच पालुपद.

"वहिनी, उगाच कॉन्ट्रोव्हर्सी कशाला? लॉर्डसाहेब आपल्या गणपतीला चीफ गेस्ट म्हणून आले होते. शाल-श्रीफळ दिलंय आपण त्यांना."

"मग आता त्यांनी नारळ आपल्या हातात दिला," मी म्हटलं.

"तू गप्प बस. तू दोन दिवसांची पाहुणी. आम्हाला इथे राहायचंय."

"राहा की काका. वाकून कशाला राहता?"

"अगं," मावशी म्हणाली, "ड्राइव्ह करतायत ते. आधी पोचू दे."

हॉलमध्ये लॉर्डसाहेब स्वतः आले होते. मला वाटलं होतं, मिशा असतील, आवाज चढा असेल. छे! कोपरांना ठिगळं लावलेला स्वेटर, चिखलाचे बूट, आवाज मऊ. पहिल्या रांगेत न बसता मागे उभे राहिले. अशा माणसाचा राग करणं किती अवघड असतं, आणि म्हणूनच तो जास्त करायला हवा.

मावशी उठली. नीट सांगितलं. दर ख्रिसमसला आलो. फाटक उघडं होतं. कुणी अडवलं नाही, आम्ही कुणाला विचारलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लॉर्डांच्या वकिलाचा चेहरा पडला.

मग मागून तो मऊ आवाज आला. "डॉक्टर अगदी खरं सांगताहेत. ख्रिसमसला ही मंडळी येतात, मला ठाऊक आहे. ते आमचे पाहुणेच. आणि त्यांनाही ते ठाऊक आहे. त्यांच्या फार सुंदर उत्सवात त्यांनी भर सभेत माझे त्याबद्दल आभार मानले होते."

सगळ्या माना करंदीकरकाकांकडे वळल्या.

आभारप्रदर्शन! शपथेवर सांगते, काय झालं असणार ते मला तिथे न असतानाही दिसलं. आपला कुठलाही कार्यक्रम त्याशिवाय संपतो का? हॉलवाल्याचे आभार, माइकवाल्याचे आभार, ज्यांनी खुर्च्या उचलल्या आणि ज्यांनी उचलल्या नाहीत त्यांचेही आभार. चीफ गेस्ट समोर बसलेले, त्यांचे कशाबद्दल मानायचे? काकांना ख्रिसमसची सहल आठवली. म्हणून टाकलं: माननीय लॉर्डसाहेब दर वर्षी आपल्या जागेत आम्हाला प्रेमाने फिरू देतात.

वकिलाने विचारलं, "तुम्ही असं म्हणालात?"

"म्हणालो," काका म्हणाले.

"म्हणजे परवानगी होती."

काका खाली बसले. मला राहवलं नाही, मी उठले. अधिकाऱ्याने विचारलं, "तुम्ही इथे राहता?" नाही म्हटल्यावर, "मग कृपया बसा." बसले. न विचारता चाललात तर हक्क, आणि 'थँक यू' म्हणालात तर उपकार! चोराने घरात शिरून विचारावं, तुम्ही मला पाणी दिलंत ना? मग मी पाहुणा झालो.

चहाची सुट्टी झाली. लॉर्डसाहेब स्वतः आमच्याकडे आले. वाकून मावशीला म्हणाले, "डॉक्टर, तुमचे पती तिथे आहेत, मी जाणतो. तुम्हाला मी कधी अडवेन का? फाटकाची एक किल्ली तुमच्याकडे राहील. मैदान झालं तरी. हवं तेव्हा या." डोळ्यांत खरी माया होती. खोटी असती तर बरं झालं असतं, तोंडावर सुनावता आलं असतं.

"वहिनी, घ्या की!" काकांचा जीव भांड्यात पडला. "तुमचा प्रश्न सुटला."

मावशीने कप बशीत ठेवला. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. त्या पुलासाठी ती काय करेल हे मला माहीत होतं. तिने जीनकडे बोट दाखवलं. "हिला?"

लॉर्डसाहेब हसले. "सगळ्यांना किल्ल्या कशा देणार, डॉक्टर?"

"मग मला नको," मावशी म्हणाली.

एवढंच. पुढे 'थँक यू' नाही, 'सॉरी' नाही. या देशात इतकी वर्षं राहिलेल्या बाईने! लॉर्डसाहेब क्षणभर थांबले, बहुधा त्याचीच वाट बघत. मग गेले.

सुनावणी पुन्हा सुरू झाली तेव्हा करंदीकरकाका न बोलावता उठले. कोटाचं बटण लावलं, मंडळाच्या सभेत लावतात तसं. "अध्यक्षमहोदय, परवानगी आम्ही कधीच मागितली नव्हती. ते आभार मी सेक्रेटरी या नात्याने मानले होते. सेक्रेटरी या नात्यानेच मी ते मागे घेतो."

हॉल हसला. अधिकाऱ्यालाही हसू आवरेना. "डॉक्टर, आभार मागे घेता येतात का?"

"आमच्या मंडळात ठराव मागे घेता येतो," काका म्हणाले. कान लालबुंद झाले होते, पण उभे राहिले. गाडीत मी त्यांना जे बोलले त्याबद्दल मी माफी मागितली नाही. बसताना त्यांच्या खांद्यावर हात मात्र ठेवला.

निकाल लागायच्या आत मी परतले. आल्या आल्या आपल्या पुनर्वसित गावात जमीनवाटपाचा कार्यक्रम होता. पत्रिकेत शेवटी आभारप्रदर्शन, साहेबांचे. मी म्हटलं, बुडालेल्या जमिनीच्या बदल्यात निम्मी जमीन, तीही खडकाळ, तीही उशिरा, आणि आभार कसले? हार कसला? जुनी माणसं म्हणाली, पोरी, गोड बोलल्याने आपलं काय जातं? काय जातं ते मी बघून आलेय. गोड बोलल्याने हक्क जातो. तो उद्या कुणी तरी मऊ आवाजात आपल्याच तोंडून काढून दाखवतो.

डिसेंबर संपताना मावशीचा फोन आला. निकाल लॉर्डसाहेबांच्या बाजूने गेला होता. एकदा मानलेले आभार मागे घेता येत नाहीत. आणि त्या ख्रिसमसला फाटकाला कुलूप होतं, खरंखुरं.

"मग काय केलंत?" माझा आवाज चढला होता.

"गेलो ना. सगळे गेलो, करंदीकर पण. आणि जीन आली, टर्की टाकून. भिंतीखालून ओढा बाहेर पडतो ना, तिथून कौन्सिलचा रस्ता जातो. त्या कडेला उभे राहिलो, डबे खाल्ले. जीन म्हणाली, इथे पाणी गढूळ आहे गं. मी म्हटलं, असू दे."

मावशी 'असू दे' म्हणू शकते. त्या पाण्यातले माधवकाका तिचे होते. मी म्हणणार नाही.